नानांच्या नावाची मूठ

आमच्या नानांना गावानं एकदा मारून टाकलं होतं. नाना म्हणजे माझे वडील, लष्करात हवालदार. मारलं म्हणजे काठ्या-कुऱ्हाडी घेऊन नव्हे हो, आमचं गाव सभ्य आहे. सोनगीरला बस सोडून आत बरंच चालावं लागतं, इतकं सभ्य. गावानं त्यांना तोंडानं मारलं, एकमतानं मारलं, आणि वर शोकसभाही घेतली. आमच्या ग्रामपंचायतीत एकमतानं झालेलं ते पहिलंच काम असावं. पुढे नाना धडधाकट परत आले तेव्हा गावाची जी काही पंचाईत झाली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आनंद झालाच म्हणा लोकांना. पण ठराव झाला होता ना!

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाची ही गोष्ट. मी तेव्हा शाळेत होते.

नाना रजेवर आले की नवख्या माणसाला वाटायचं, आता हे खाटेवर लोळणार आणि पोरांना लढाईच्या गोष्टी सांगणार. कसलं काय! ट्रंक ठेवली की दुसऱ्या दिवशी पहाटे हातात फावडं. गोठ्याची नाली, घराची कौलं, विहिरीतला गाळ, बांधावरच्या बाभळी. आमचे आबा, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, वर्षभराची सगळी जड कामं नानांच्या रजेसाठी राखून ठेवायचे. "फौजी माणूस शे, त्याले काय थकवा?" असं म्हणत स्वतः ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. तंबाखूपेक्षा वजनदार वस्तू आबांनी उचललेली मी तरी पाहिली नाही. आणि नाना? नाना हसायचे आणि विहिरीत उतरायचे. मला त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

घरातही त्यांचे हात गप्प बसत नसत. अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून व्हायला हवी. माझ्या प्लास्टिकच्या चपलासुद्धा ते ब्रशनं घासायचे. अहो, प्लास्टिकला चमक येणार कुठून? पण ते घासायचे. रजेभर माझ्या वेण्याही तेच घालायचे, आणि इतक्या आवळून घालायचे की माझ्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत. बाईंनी एकदा वर्गात विचारलं, "का गं, एवढी घाबरलीस कशाला?" मी म्हटलं, बाई, वडील रजेवर आलेत. लढाईबद्दल विचारलं तर ते एवढंच सांगत, "चालावं फार लागतं बेटा." झाली लढाई.

आता कानबाईचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी नारळाची देवी मांडतात, रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. पण खरा कार्यक्रम आदल्या शनिवारी संध्याकाळचा. त्या दिवशी रोटाचे गहू काढायचे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. ते सगळे गहू एकत्र दळायचे, त्या पिठाचा स्वयंपाक म्हणजे रोट. तो फक्त भाऊबंदांनीच खायचा, परक्याच्या तोंडी घास जाता कामा नये, आणि पौर्णिमेच्या आत पीठ संपलं पाहिजे. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायकांनी गहू निवडायचे, दळायचे, पोळ्या लाटायच्या, वाढायचं आणि मग भांडी घासायची. एवढा सगळा मान दिल्यावर आणखी मूठ कशाला हवी?

आमच्या घरातून म्हणून एकच मूठ जायची, नानांची. मी एकुलती एक, आणि तीही आंडेर, म्हणजे मुलगी. नाना श्रावणात कधीच घरी नसत, म्हणून त्यांची मूठ आबा टाकत. त्या मुठीचे नियमही आमच्याकडे मोठे कडक. मेलेल्या माणसाची मूठ टाकली तर सगळ्या घराण्याचा रोट बाटतो, कुणीच खायचा नाही. आणि मूठ टाकलीच नाही, तर तो माणूस देवीच्या दारी मेला.

त्या वर्षी नाना समुद्रापलीकडे लंकेत होते. आपलं सैन्य तिकडे गेलं होतं. आधी महिन्याला पत्र येई, मग लांबत गेलं, मग बंदच पडलं. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल जोरात मारत जायला लागला. त्याला तरी काय दोष देणार? माय उंबऱ्यातच उभी असायची.

अशात गावातला दूधवाला धुळ्याहून बातमी घेऊन आला. बसस्टँडवर त्याला रजेवर चाललेला कुणी फौजी भेटला होता. त्यानं सांगितलं, लंकेत आपल्या खानदेशचा एक गडी गेला. नाव त्याला ठाऊक नव्हतं. पण नाव कशाला लागतं? सबंध खानदेशातून लंकेत गेलेला माणूस एकच, असं आमच्या गावाचं पक्कं मत होतं. संध्याकाळपर्यंत नानांना गोळी कुठे लागली हेसुद्धा लोकांना कळलं होतं. कुणी छातीत म्हणे, कुणी कपाळात. पाठीत मात्र कुणी म्हणालं नाही, हे गावाचे उपकार.

मग शोकसभा झाली. सरपंच बोलले, मास्तर बोलले. गावाच्या वेशीला नानांच्या नावाची कमान उभारायची ठरलं. नानांचा टोपीतला फोटो आबांनी काढून दिला आणि तो धुळ्याला जाऊन मोठा करून आणला गेला. त्यात नानांचे ओठ गुलाबी रंगवले होते. ज्या माणसाला विहिरीतला गाळ काढताना कुणी कधी प्यायला पाणी दिलं नाही, त्याच्यासाठी कमान! जित्या माणसाला ताक द्यायला यांचे हात जड, आणि मेलेल्याला दगडी खांब. मायनं सभेत एकच विचारलं, "तार कोठे शे?" त्यावर सगळे तिला धीर द्यायला लागले की येईल, येईल, सरकारी काम आहे, उशीर व्हायचाच. जशी काही ती तार मिळावी म्हणून अडून बसली होती.

मला भीती वाटत होती, सरळच सांगते. रात्री मी मायच्या कपाळाकडे बघत झोपायची, कुंकू आहे ना म्हणून. सकाळी उठले की आधी तेच बघायची. बायका पाणी भरताना मायच्या कपाळाकडे बघत आणि मग एकमेकींकडे बघत. माय कळशी डोक्यावर घ्यायची आणि सरळ चालू लागायची.

आणि शनिवार आला. आबांच्या अंगणात सगळे भाऊबंद जमले. मध्ये गव्हाची पाटी आणि मोठं सूप. आबा एकेकाचं नाव घेत मूठ टाकत होते. स्वतःची टाकली, मुलांची टाकली, तान्ह्या नातवाची तर सगळ्यात मोठी टाकली, ज्याला अजून दातही आले नव्हते. चुलत भावांची झाली. नानांची पाळी आली तशी आबांनी हात झटकले आणि पाटी बाजूला सारली. मायला त्या क्षणी, त्या अंगणात, तारेशिवाय विधवा करून टाकलं होतं त्यांनी.

माय भिंतीशी उभी होती. जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, तिनं आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, आवाज तर दूरच. तिनं पदर तसाच सावरला आणि म्हणाली, "आबा, एक मूठ ऱ्हायनी."

आबा म्हणाले, "मरेल माणूसनी मूठ टाकता येस का? बठ्ठासना रोट बाटी जाई."

"मरेल कोन शे? माले तार उनी नही," माय म्हणाली. आणि पुढे आली, वाकली, पाटीत हात घातला आणि नानांचं नाव घेऊन मूठभर गहू वर उचलले. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घेतलं, तेही जेठादेखत, तेही कानबाईच्या गव्हात हात घालून! अंगणात जे काही झालं ते विचारू नका. कुणी आडवं झालं, कुणी सूपच उचलून घेतलं, एका म्हाताऱ्यानं तर कानावर हात ठेवले. मूठ सुपात पडू दिली नाही कुणी. शेवटी आबा ओरडले, "तुना रोट तूच खाय!"

"खास," माय म्हणाली. म्हणजे, खाते. ती मूठ तशीच धरून ती घरी आली. मी मागे पळत होते. घरी आल्यावर तिनं हात उघडला तेव्हा गहू घामानं ओले झाले होते. त्यात तिनं घरचे गहू मिसळले, जात्यावर दळले, आणि रविवारी आम्ही दोघींनी आमची वेगळी कानबाई मांडली. रात्री गाणी म्हणायला कोण येणार? मायनं एकटीनंच म्हटली. मी मध्येच झोपून गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी नाना आले. सोनगीरला बसमधून उतरले आणि खांद्यावर वळकटी, हातात ट्रंक घेऊन चालत आले. मलेरियानं वाळून काटकी झाले होते. लष्करी दवाखान्यात पडून होते इतके दिवस, हातात पेन धरवत नव्हतं. आधी वेशीवर सरपंच भेटले. कमानीची जागा बघायलाच आले होते. ते म्हणाले, "अरेच्चा, तुम्ही!" बिचाऱ्यांचं भाषण पाठ होतं, पण ते या प्रसंगाचं नव्हतं.

मी धावत जाऊन नानांच्या कमरेला मिठी मारली. त्यांच्या अंगाला औषधाचा वास येत होता. माय उंबऱ्यातच बसून राहिली. नाना तिच्याजवळ जाऊन बसले. आबाही धावत आले आणि भावाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. ते रडणं खरं होतं, त्यात मी खोट काढणार नाही. पण आसवं पुसून होतात न होतात तोच मोठा प्रश्न उभा राहिला: नानांना यंदाचा रोट खाता येतो का?

बसले मग सगळे भाऊबंद. नाना समोर बसलेले, श्वास घेणारे, पाणी पिणारे, आणि हे चर्चा करताहेत की हा माणूस यंदा आहे की नाही. ते कानावर हात ठेवणारे म्हातारे म्हणाले, "तू जित्ता शे, हाई आमले दिखस. पन देवीले कसं सांगानं?"

नाना म्हणाले, "देवीले दिखस नही का?"

पण तसं कसं चालेल? मूठ नाही म्हणजे माणूस नाही. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. नाना हसले, तेच ते हसणं, आणि घरी येऊन मायच्या रोटाच्या पोळ्या खाल्ल्या. माय समोर बसून वाढत होती. एवढी मोठी विजयी बाई मी पुन्हा पाहिली नाही. दोन दिवसांत तिची कीर्ती पसरली. ज्या बायका तिच्या कपाळाकडे बघत होत्या त्याच तिच्या पाया पडायला आल्या. मायही आलेल्या प्रत्येकीला सांगायची, "मन्ही मूठ त्यासले घर लई उनी." म्हणजे, माझी मूठ त्यांना घरी घेऊन आली. जी कधी बोलत नसे ती माय आता थांबत नसे. आणि मी तर शाळेत छाती काढून सांगत होते की आमच्या मायनं नानांना लंकेतून मुठीनं ओढून आणलं.

नानांनी मात्र दूधवाल्याला बोलावून नीट विचारलं, बातमी कुणी दिली, काय शब्द होते. मग मायला म्हणाले, "बातमी खोटी नव्हती. घर चुकलं." नानांच्याच तुकडीत फैजपूरकडचा एक तरुण शिपाई होता. खानदेशचे म्हणून दोघं एका ताटात जेवायचे. तो गेला होता. नाना म्हणाले, मला त्याच्या आईकडे जायचंय. माय म्हणाली, मीही येते. तिला वाटलं असणार, त्या माउलीला आपण धीर देऊ. मलाही सोबत घेतलं.

बसमागून बस बदलत आम्ही भुसावळवरून पलीकडे केळीच्या मुलखात गेलो. पौर्णिमा तोंडावर आली होती. मळ्याच्या कडेला छोटं घर होतं. नवरा कधीच गेलेला, पोरगा एकुलता एक, आणि आता ती डोकरी, म्हणजे म्हातारी, एकटीच. सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून बायका परत येत होत्या आणि तारवाला दारात उभा होता, असं तिनं सांगितलं. सांगताना रडली नाही. चुलीजवळ एक पितळी डबा होता, त्यावर हात ठेवून बसली होती.

डब्यात रोटाचं पीठ होतं, तिच्या वाट्याचं. मुलगा शनिवारच्या आधीच गेला होता, म्हणजे मूठ पडली ती मेलेल्या माणसाची. तिच्या भाऊबंदांनी आपापल्या घरचं पीठ नदीत सोडलं होतं आणि तिलाही तेच सांगितलं होतं. तिची बोली आमच्याहून वेगळी होती, पण कळत होती. म्हणाली, "माह्या लेकाच्या नावाचे गहू हायेत त्याच्यात. नदीत कसे टाकू?" मग मायकडे बघून म्हणाली, "शनिवारी म्याच म्हटलं, याची मूठ जरा मोठी घ्या, पोरगं लढाईवर हाये."

धीर द्यायला आलेल्या माझ्या मायनं मान खाली घातली.

नाना डोकरीला म्हणाले, "माय, त्याची पोळी करा. मी खातो."

सुतकाच्या घरी कुणी पाणी घेत नाही. परक्या घराण्याचा रोट कुणी खात नाही. बाटलेल्या रोटाला तर कुणी शिवतही नाही. नानांना हे सगळं ठाऊक होतं. डोकरीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग उठली, परात घेतली. मायनं चूल पेटवली आणि पीठ मळायला बसली. नाना जेवायचे ते नेहमी फौजी घाईनं, पाच-सात घासांत ताट रिकामं. त्या दिवशी मात्र एकेक घास चावून चावून खात होते. डोकरी समोर बसून वाढत होती आणि पीठ संपेपर्यंत ते नको म्हणाले नाहीत. घामानं त्यांचा शर्ट भिजला होता. ज्या माणसाला स्वतःच्या भाऊबंदांनी रोट नाकारला होता, त्यानं दुसऱ्याच्या मुलाचा रोट खाऊन संपवला.

परतीच्या बसमध्ये माय खिडकीतून बाहेर बघत होती. त्यानंतर तिनं मुठीची गोष्ट कुणालाही सांगितली नाही. दुसऱ्या कुणी काढली तर उठून आत जायची. मी एकदा पाहुण्यांसमोर सुरू केली, तर माझ्या पाठीत असा धपाटा बसला की गोष्ट अर्ध्यातच राहिली.

पुढच्या श्रावणात आबांनी नानांची मूठ टाकली, सगळं सुरळीत झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाना पेन्शनवर आले. आता तरी घरी बसतील असं मला वाटलं, तर यांनी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत रखवालदाराची नोकरी धरली. धुळे जिल्ह्यातला माणूस, घर सोनगीरजवळ, आणि नोकरी भुसावळच्या पलीकडे! आबा म्हणाले, फौजीचं डोकं. आठवड्याची सुट्टी मिळाली की नाना घरी येत नसत, तिकडूनच फैजपूरला जात. डोकरीच्या मळ्यात केळीची पिलं, म्हणजे बुंध्यालगत फुटलेले कोंब, कापायची, झुकलेल्या झाडांना टेकू द्यायचे, वाळली पानं काढायची, घड उतरवायचे. घरी महिन्यातून एकदा आले तर आले, आणि आले तरी फावडं घेऊन. असं ती म्हातारी जाईपर्यंत चाललं, कितीतरी वर्षं.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होते, आणि माझं तोंड तर तुम्हाला कळलंच असेल. एकदा सुट्टीत घरी आले, नाना त्याही महिन्यात आले नव्हते. मी मायवर भडकले. म्हटलं, उभा जन्म या माणसानं परमुलखात काढला, तुझ्या वाट्याला कधी आला नाही, आणि आता म्हातारपणीही परक्या बाईच्या मळ्यात राबतो. तुला राग कसा येत नाही? तू काहीच कसं म्हणत नाहीस त्यांना?

माय तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिनी मूठबी मन्ही मूठइतलीच व्हती."